पक्कं, वाटतंय, माहीत नाही

पतसंस्थेच्या काउंटरवर मी बावीस वर्षं सह्या तपासते आहे. विड्रॉलची स्लिप समोर येते, एक नजर स्लिपवर, एक नजर नमुना सहीवर. पूर्वी कार्ड काढावं लागायचं, आता स्क्रीनवर दिसतं, एवढाच फरक. खरी सही पहिल्या नजरेतच कळते. नवीन मुली रुजू झाल्या की त्यांना मी सांगते, सही फार वेळ बघत बसू नका. फार वेळ बघितली की खरी खोटी वाटायला लागते आणि खोटी खरी. शंका आली तर खातेदाराला समोर बसवा, पाणी द्या, पुन्हा सही करायला सांगा. पण ‘असेल बहुतेक त्यांचीच’ म्हणून पैसे सोडायचे नाहीत.

गेले दोन महिने मी करोडपतीची तयारी करते आहे. मराठीतल्या कार्यक्रमासाठी नोंदणी केली, काही दिवसांनी फोन आला, आणि आता पुढच्या आठवड्यात निवड चाचणी आहे. तिथून पुढे जाईन की नाही कोण जाणे. पण या दोन महिन्यांत मला सारखी त्या सह्यांची आठवण येते, आणि ती का येते ते चाचणीच्या आधीच लिहून ठेवायचं आहे. नंतर लिहिलं तर निकालाचा रंग चढेल त्याला.

माझी सुरुवात खरं तर २००० साली झाली. त्या वर्षी ३ जुलैला ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं, तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरी केबल नव्हती. शेजारच्या काकूंकडे रात्री नऊ वाजता अख्खी गल्ली जमायची, पोरं पुढे सतरंजीवर, बायका मागे भिंतीला टेकून. ऑक्टोबरात मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. सत्तावीस वर्षांचा मुलगा, यूपीएससीचा अभ्यास करणारा. एक कोटीचा प्रश्न होता, राज्यघटनेनुसार यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेता येतो. उत्तर, महान्यायवादी. अनुच्छेद ८८. मी काकूंच्या घरात मोठ्याने सॉलिसिटर जनरल म्हटलं होतं. नागरिकशास्त्र मी मन लावून शिकले होते, दोन्ही पदं मला माहीत होती, आणि तरी चुकीचं नाव तोंडातून गेलं, तेही ठासून. त्या रात्री घरी येऊन मी पुस्तक काढलं आणि तो अनुच्छेद वाचला. तो आजतागायत विसरले नाही. पण ठासून का बोलले, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. तो आत्ता विचारते आहे.

मधली वर्षं नोकरी, लग्न, कराडला येणं, मुलगी, यात गेली. २०१३ साली ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकरांसमोर आपल्या भाषेत हा खेळ सुरू झाला तेव्हा मुलगी लहान होती. तिला भरवत बघायचे. २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे त्या खुर्चीत बसले. त्याच वर्षी हिंदीत अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी १ कोटी जिंकले. शाळेतल्या मुलांसाठी खिचडी शिजवायच्या त्या, महिन्याला १५०० रुपये मानधन. तो भाग मी सासूबाईंबरोबर बघितला. त्या इतकंच म्हणाल्या, “बघ गं, केवढ्या शांतपणानं बसलीया.” मलाही तेच दिसत होतं. ज्ञान तर अनेकांकडे असतं. ती शांत बसण्याची ताकद कुठून येते, हे शोधायचा मला ध्यास लागला.

तयारी म्हणजे काय करायचं, ते मला आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या अभ्यासिकेतल्या मुलांनी सांगितलं. एमपीएससीची मुलं ती. “काकू, आधी बालभारतीची पाचवी ते दहावीची सगळी पुस्तकं वाचा, मग बाकीचं.” एकाने आपला इतिहास-भूगोलाचा गठ्ठाच आणून दिला, पानोपानी हिरव्या शाईच्या खुणा असलेला. पहाटे साडेचारला उठून मी तास-दीड तास वाचते. चहा गॅसवर, पुस्तक ओट्यावर. या वयात सहावीचा भूगोल वाचताना जी मजा येते ती सहावीत आली नव्हती. तेव्हा नकाशा म्हणजे मार्कांसाठी भरायची गोष्ट होती.

दोन आठवडे नुसतं वाचल्यावर मी एक वही केली. मुलगी अकरावीला आहे, रात्री जेवणं झाली की ती प्रश्न विचारते. वहीत तीन रकाने. पहिल्यात माझं उत्तर. दुसऱ्यात उत्तर तपासायच्या आधीच लिहायचं, पक्कं, वाटतंय, की माहीत नाही. तिसऱ्यात बरोबर की चूक. शंभर ‘पक्कं’ झाल्यावर हिशेब केला तर त्यातली सतरा चूक निघाली. पतसंस्थेत शंभरातल्या सतरा सह्या मी चुकीच्या पास केल्या असत्या तर मला दुसऱ्या दिवशी काउंटरवर कुणी बसू दिलं नसतं. रात्री कितीतरी वेळ ती वही मी मांडीवर घेऊन बसले होते.

मग त्या सतरांच्या मागे लागले. सह्याद्रीतलं सर्वांत उंच शिखर? कळसूबाई, पक्कं. चूक. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च. सह्याद्री म्हणजे अख्खा पश्चिम घाट धरला तर सर्वांत उंच केरळातलं अनाईमुडी, २६९५ मीटर. लहानपणी ‘महाराष्ट्रातलं’ हा शब्द कधीतरी गळून पडला आणि तसंच उत्तर तीस वर्षं डोक्यात राहिलं. भारताचा राष्ट्रीय खेळ? हॉकी, पक्कं. तेही चूक, कुठलाच खेळ सरकारने राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. एकेका चुकीचा माग काढत गेले तसं दिसलं, की ही सगळी उत्तरं मी कुठे वाचली हेच मला सांगता येत नव्हतं. कुणीतरी म्हटलेलं, पुष्कळदा ऐकलेलं, मोबाईलवर आलेलं. वारंवार कानावर पडलं म्हणून ओळखीचं झालं आणि ओळखीचं झालं म्हणून खरं वाटलं. काउंटरवर रोज येणाऱ्या माणसाची सही आपण नीट बघत नाही, तसंच.

आणि सर्वांत जिव्हारी लागलेली चूक घराजवळची होती. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नद्यांपैकी कोणती बंगालच्या उपसागराला जात नाही? पर्याय होते कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री. मी कोयना म्हटलं. पक्कं म्हटलं! मी कराडात राहते. रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जाते, यशवंतरावांच्या समाधीला हात जोडते, आणि समोर कृष्णा आणि कोयना एकमेकींच्या समोरून येऊन भेटतात ते बघते. कोयना कृष्णेत जाते हे मी डोळ्यांनी बघत आले आहे आणि कृष्णा पुढे आंध्रात जाऊन समुद्राला मिळते हे पाचवीतलं पोरही सांगेल. मग ‘कोयना’ कुठून आलं? धरण, पश्चिमेकडे सोडलेलं पाणी, कोकणातली वीजघरं, असं काहीतरी अर्धवट डोक्यात होतं आणि त्याने डोळ्यांना हरवलं. सावित्री पश्चिमेला उतरते, महाडवरून बाणकोटच्या खाडीत, अरबी समुद्रात. दुसऱ्या दिवशी संगमावर गेले ते फक्त बघायला. घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसले. पावसाळा सरत आला होता, एका नदीचं पाणी गढूळ, दुसरीचं त्यामानाने निवळ, आणि मध्ये दोन्ही रंगांची एक रेघ बऱ्याच लांबपर्यंत तशीच चाललेली. बावीस वर्षांत ती रेघ मी बघितली नव्हती.

शाळेत आम्हाला एक गोष्ट कायम सांगितली गेली. पेपर कोरा सोडू नका. काहीतरी लिहून या. येत नसलं तरी लिहा, अर्धा मार्क तरी मिळेल. माझ्या वडिलांनी सांगितलं, मी माझ्या मुलीला सांगितलं. माझ्या पिढीच्या हाडात ही शिकवण मुरलेली आहे, आणि मला वाटतं त्यातूनच आपल्याला सगळ्याच बाबतीत काहीतरी बोलायची सवय लागली. रस्ता विचारला तर ठाऊक नसलेला माणूसही हात दाखवतो, “सरळ जावा, मग डावीकडं.” करोडपतीत हे चालत नाही. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीला त्या प्रश्नाचे पाव हिस्सा गुण कापतात; इथे तर कमावलेलंच जातं. २०१९ च्या हिंदी पर्वाचं गणित मी वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. साडेबारा लाखांवर आहात, पंचवीस लाखांच्या प्रश्नाला चुकलात, तर ३,२०,००० वर येता. म्हणजे एका ‘वाटतंय’ची किंमत ९,३०,००० रुपये. आणि उत्तर न देता ‘मी इथे थांबते’ म्हटलं तर साडेबारा लाख तुमचे. कोरा पेपर दिल्याबद्दल पूर्ण पैसे देणारी दुसरी परीक्षा मला ठाऊक नाही. त्या खुर्चीतून खेळ सोडून उठणाऱ्या माणसांकडे मी पूर्वी हळहळून बघायचे. आता त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

फास्टेस्ट फिंगरची तयारी मुलीने अंगावर घेतली. खुर्चीपर्यंत पोचायचं तर आधी तिथेच जिंकावं लागतं, चार गोष्टी क्रमाने लावायच्या आणि इतरांच्या आधी. तिने पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणं घेतली, त्यांवर स्केचपेनने ए, बी, सी, डी लिहिलं आणि पाटावर चिकटवली. ती प्रश्न वाचणार, मी झाकणांवर बोट ठेवत जाणार, मोबाईलवर सेकंद पळणार. पहिल्या दिवशी अकरा सेकंद लागले, आता सहावर आले आहे. युक्ती अशी की चारांपैकी पहिलं आणि शेवटचं आधी पकडायचं, मधल्या दोघांचा निवाडा मग पटकन होतो. निर्मितीच्या क्रमाने जिल्हे लावा, पालघर, सिंधुदुर्ग, नंदुरबार, गडचिरोली. पालघर शेवटचा हे सगळ्यांना आठवतं, २०१४. सिंधुदुर्ग पहिला, १९८१. मग गडचिरोली १९८२, नंदुरबार १९९८. जिल्ह्यांचं एक बरं असतं, कुठला कुणातून निघाला ते कळलं की क्रम लक्षात राहतो.

एका रात्री तिने भारतरत्नांचा क्रम विचारला. विनोबा भावे, धोंडो केशव कर्वे, बाबासाहेब आंबेडकर, पांडुरंग वामन काणे. मी कर्वे, आंबेडकर, काणे, विनोबा असं बोट फिरवलं. तिने पुस्तकात बघितलं. कर्वे १९५८, काणे १९६३, विनोबा १९८३, आंबेडकर १९९०. दोघीही एकदम गप्प झालो. मग ती म्हणाली, “आई, बाबासाहेब तर १९५६ ला गेले ना? चौतीस वर्षं?” त्या रात्री पुढचा एकही प्रश्न झाला नाही. ती विचारत राहिली आणि मला जे सांगता येत होतं ते मी सांगत राहिले, बारा वाजेपर्यंत. घड्याळ लावून केलेल्या अभ्यासातून हे कसं निघालं ते मला सांगता येत नाही, पण या दोन महिन्यांतली ती रात्र मला सगळ्यांत जवळची आहे. आणि ती चार नावं आता मी झोपेतसुद्धा क्रमाने लावेन.

सासूबाई या सगळ्यात असतात पण नसल्यासारख्या. आम्ही हॉलमध्ये, त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काहीतरी निवडत. एकदा मुलीने विचारलं, कोयनेचा मोठा भूकंप कोणत्या वर्षी झाला? मी म्हटलं, १९६७, पक्कं. “तारीख?” ११ डिसेंबर. “बरोबर.” उंबऱ्यावरून आवाज आला, “सोमवार हुता.”

मुलीने मोबाईलवर कॅलेंडर मागे मागे नेलं. ११ डिसेंबर १९६७. सोमवार.

सासूबाईंचं माहेर पाटण तालुक्यातलं. तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. आदल्या दिवशी रविवारचा बाजार झालेला, वडिलांनी आणलेली मिठाची पिशवी अजून फळीवर तशीच होती. पुस्तकात वेळ दिली आहे पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. सासूबाई म्हणतात, दिवस उगवायच्या कितीतरी आधी, गुरं अचानक दावी ओढायला लागली, आणि मग जमीन. मीठ त्यांच्या अंगावर सांडलं. “केसात मीठ, त्वांडात मीठ, मला वाटलं मी मेले न् मला मिठात पुरलंय.” पुढे थंडीचे कितीतरी दिवस सगळं गाव शेतात झोपत होतं. हे सांगताना त्यांचे हात लसूण सोलायचे थांबले नाहीत. पाकळी सोलून वाटीत, साल परातीत.

भूकंपाची रिश्टरवरची तीव्रता त्यांना ठाऊक नाही. मला पाठ आहे. पण ‘सोमवार हुता’ म्हणताना त्यांच्या आवाजात जे होतं ते माझ्या एकाही ‘पक्कं’मध्ये नव्हतं. त्या रात्री मी वहीत नवीन नियम केला. ‘पक्कं’ लिहायच्या आधी स्वतःला विचारायचं, हे मला कुणी सांगितलं? कुठे वाचलं, कुठे बघितलं? जागा आठवली तरच पक्कं. नाही आठवली तर कितीही ओळखीचं वाटो, ‘वाटतंय’. पुढच्या शंभरात चुका चारवर आल्या. ‘पक्कं’ची संख्या मात्र खूप घटली. मुलगी जरा नाराज झाली, मला बरं वाटलं.

राहिलं ते फोनचं. संकटात ज्यांना फोन लावायचा त्यांची यादी करून बघायची म्हणून रविवारी बसले. आधी सोपं वाटलं. क्रिकेट आणि राजकारण म्हणजे इचलकरंजीचे धाकटे दीर. सिनेमा आणि गाणी म्हणजे आमच्या कॅशियर मॅडम. विज्ञानाला अभ्यासिकेतला तो हिरव्या शाईचा मुलगा. देवधर्म, संत, सणवार, नक्षत्रं याला सासूबाई. पावसाची नक्षत्रं त्या मृगापासून हस्तापर्यंत एका दमात म्हणतात.

यादी झाल्यावर सराव सुरू केला. तीस सेकंद म्हणजे किती कमी असतात ते फोन कानाला लावल्यावर कळतं. प्रश्न आणि चार पर्याय वाचण्यातच माझे चौदा-पंधरा जायचे. आधी विषय सांगायचा, मग प्रश्न, मग पर्याय, ख्यालीखुशाली नाही, असं ठरवलं. तरी दीर पहिल्या वेळेस “बोला वहिनी, जेवणं झाली का?” म्हणालेच, सवयच ती. दुसऱ्यांदा लावला तर नीट ऐकून घेतलं, म्हणाले, “बी असावं बहुधा, बी लावून टाका.” चूक होतं. कॅशियर मॅडमनी “मला सी वाटतंय हं” म्हटलं, तेही चूक. अभ्यासिकेतल्या मुलाचे दोन बरोबर आले आणि एक चुकला, आणि तिन्ही वेळा त्याच्या आवाजात तेवढाच आत्मविश्वास होता. यात त्यांचा दोष काय? माणूस मदत मागतोय म्हटल्यावर आपल्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं जमत नाही. पेपर कोरा सोडायचा नाही, हे त्यांनाही माझ्याइतकंच शिकवलेलं.

शेवटी सासूबाईंचा नंबर. काल संध्याकाळी मी गच्चीवर गेले आणि खाली घरात फोन लावला. त्यांनी उचलला. शेजारी मुलगी घड्याळ धरून बसलेली. मी वाचलं, संतांवर प्रश्न आहे, संत जनाबाईंचं जन्मगाव कोणतं? ए मंगळवेढा, बी गंगाखेड, सी आपेगाव, डी तेर.

सासूबाईंना जनाबाईंचे अभंग किती येतात याची मोजदाद नाही. पहाटे मी ओट्याशी वाचत असते तेव्हा त्या देवासमोर तेच म्हणत असतात. मला खात्री होती की त्या उत्तर देणार, आणि नाहीच आलं तर अंदाजाने एखादं गाव तरी सांगणार.

“मला न्हाई ठावं,” त्या म्हणाल्या. “उगं कशाला सांगू?”

खालून मुलीचा आवाज आला, “आजी, अजून बारा सेकंद आहेत!”

“असूंद्यात की. आन् हे बघ, येताना दोरीवरची कापडं काढून आण. आभाळ आलंय.”

मी कपडे काढले. खाली येऊन वही घेतली, फोनच्या यादीवर काट मारली आणि नवीन यादी केली. सासूबाईंचं नाव सगळ्यांत वर लिहिलं. त्यांनी विचारलं, “माझं कशाला? मला तर आलंच न्हाई.” मुलगी पुस्तकात उत्तर शोधत होती. गंगाखेड निघालं. “गंगाखेड,” सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि कुठल्या जिल्ह्यात येतं म्हणून विचारलं. परभणी, मी म्हटलं. मग त्यांनी मुलीला नकाशाचं पान काढायला लावलं, चष्मा लावला, आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.